कट मारायच्या आधी: टीव्ही कार्यक्रमाचं तंत्र, सोप्या भाषेत

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, सिद्धेश्वरांच्या विवाहसोहळ्यात, सम्मती कट्ट्यावर सम्मतीचं, म्हणजे लग्नाच्या संमतीच्या वचनांचं, वाचन चालू असतं. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' हे शब्द आले की भोवतालच्या हजारो हातांतून अक्षता उधळल्या जातात. काही सेकंदांचा प्रकार. त्याच सेकंदांत टीव्हीवर सगळा जमाव, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) आणि हवेतल्या अक्षता दिसायला हव्यात. नेमक्या तेव्हा उंचावरचा कॅमेरा फोकस शोधत असला, किंवा त्यावरचा माणूस उगाच झूम करत बसला असला, तर घरी बसलेल्या प्रेक्षकाला कुणाच्या तरी पाठीचा हलता शॉट दिसतो. सोहळ्याला 'पुन्हा एकदा करा' असं सांगता येत नाही.

टीव्हीचं काम शिकताना सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला द्यावा लागतो: कट मारायची, म्हणजे एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून दुसऱ्यावर जायची, वेळ येईल तेव्हा पुढचा शॉट, पुढचा आवाज आणि पुढची नावपट्टी आधीच तयार असली पाहिजे. पुढे जे काही सांगितलं आहे, कॅमेऱ्याचे आकडे असोत की वायरची लांबी, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

सोलापुरात यंत्रसामग्रीची ओळख बऱ्याच जणांना आहे. लग्नाच्या हॉलमध्ये दोन-तीन कॅमेरे, व्हिडिओ मिक्सर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाईल ते निवडायचं यंत्र) आणि एलईडी वॉल आता नेहमीची झाली. तीच सामग्री वापरून टीव्हीच्या दर्जाचा कार्यक्रम काढता येतो. फरक पडतो तो तयारीच्या पद्धतीने. समजायला सोपं जावं म्हणून एक साधा कार्यक्रम समोर ठेवू: एका छोट्या सभागृहात सूत्रसंचालक आणि दोन पाहुणे, तीन कॅमेरे, साडेअठ्ठावीस मिनिटांचा कार्यक्रम, गप्पा आणि शेवटी एक भजन, मध्ये न थांबता रेकॉर्ड करायचा. मधूनमधून बाहेर यात्रेतही जाऊन येऊ, कारण उन्हात आणि गर्दीत वेगळ्याच गोष्टी बिघडतात.

तिन्ही कॅमेरे एकाच डोळ्याचे

एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कट गेला आणि पाहुण्याचा चेहरा गुलाबीचा पिवळा झाला, तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण कार्यक्रम 'घरगुती' वाटायला लागतो. म्हणून पहिलं काम जुळवणीचं.

सुरुवात फ्रेमच्या वेगापासून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि आपलं टीव्ही प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचं. एचडी प्रसारणात बहुतेक वेळा प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, म्हणजे सेकंदाला ५० फील्डमध्ये पाठवतात. त्यामुळे सगळे कॅमेरे २५ किंवा ५० वर लावायचे. बरेच कॅमेरे आणि जवळजवळ सगळे मोबाइल कारखान्यातून ३० वर लावून येतात. एक कॅमेरा २५ वर आणि दुसरा ३० वर राहिला तर मिक्सरला मध्येमध्ये फ्रेम गाळाव्या लागतात आणि हात हलताना झटके दिसतात. हे नंतर एडिटिंगमध्ये नीट दुरुस्त होत नाही.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५० किंवा १/१०० ला प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकण्याची पूर्ण आवर्तनं बसतात, म्हणून उजेड स्थिर दिसतो. १/६० ठेवलं की पडद्यावर आडवे पट्टे वर-खाली सरकायला लागतात. मागे एलईडी वॉल असेल तर १/५० वरही पट्टे येऊ शकतात, कारण वॉलचा स्वतःचा वेग वेगळा असतो. चांगल्या कॅमेऱ्यात 'क्लिअर स्कॅन' नावाची सोय असते. त्यात शटर थोडं थोडं सरकवत पट्टे थांबतील त्या आकड्यावर ठेवायचं. वॉलवर जाळीसारखी लाटदार नक्षी उमटत असेल तर बसणाऱ्यांना वॉलपासून आणखी पुढे घ्या, म्हणजे वॉल फोकसबाहेर जाते आणि नक्षी विरते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याची रंगजुळणी, ऑटोवर ठेवायचा नाही. ऑटोवर असलेला कॅमेरा कुणी लाल शालू नेसून आलं की संपूर्ण चित्राचा रंग बदलतो. सगळे दिवे लावून झाल्यावर पाहुण्याच्या खुर्चीवर पांढरा कागद धरा आणि तिन्ही कॅमेऱ्यांनी त्याच कागदावर, त्याच उजेडात व्हाइट बॅलन्स घ्या. प्रत्येकाने आपापल्या जागी वेगळा कागद धरला तर जुळणी होत नाही. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात: हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्व्हिन, दिवसाचा ५६०० च्या आसपास. सभागृहाच्या खिडकीतून ऊन येत असेल आणि आत हॅलोजन असेल तर चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी दिसेल, आणि कुठलाही व्हाइट बॅलन्स दोन्ही बाजू बरोबर करू शकत नाही. पडदे ओढा, किंवा सगळे दिवे ५६०० चे वापरा.

उजेडाचं माप घ्यायला झेब्रा वापरतात, म्हणजे ठरवलेल्या पातळीवर पोहोचलेल्या भागावर दिसणारे तिरपे पट्टे. गोऱ्या चेहऱ्याच्या उजळ भागावर ७० टक्के झेब्रा हा जुना नियम आहे. तो उन्हात रापलेल्या किंवा सावळ्या चेहऱ्याला लावू नका. त्या चेहऱ्याला जबरदस्तीने ७० पर्यंत उचललं तर त्वचा राखेसारखी दिसते आणि अंगावरचे कपडे जळून पांढरे होतात. तिथे ५० ते ६० पुरेसं असतं. माणूस जसा आहे तसा दिसला पाहिजे, याबाबतीत तडजोड नको.

यात्रेत हा प्रश्न आणखी अवघड होतो. नंदीध्वजधारकांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते आणि वर दुपारचं ऊन. ऑटो एक्सपोजरचा कॅमेरा तो पांढरा रंग पाहून आयरिस, म्हणजे लेन्समधली उजेडाची वाट, बंद करतो आणि सगळ्यांचे चेहरे काळे पडतात. उलट चेहऱ्याकडे पाहून आयरिस उघडली तर बाराबंदीच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. इथे मॅन्युअलवर या, दुसरा झेब्रा १०० वर लावा आणि बाराबंदीवर तो नुकता दिसेनासा होईल इतकीच आयरिस ठेवा. चेहरे थोडे गडद राहतील, पण ते नंतर उचलता येतात. जळालेला पांढरा रंग परत येत नाही. भर उन्हात १/५० शटर टिकवायचं तर एनडी फिल्टर लागतो. तो काळ्या चष्म्यासारखा नुसता उजेड कमी करतो. फिल्टर नसेल म्हणून आयरिस अगदी एफ-१६, एफ-२२ पर्यंत बंद केली तर चित्र मऊ पडतं, आणि लोकांना वाटतं लेन्स खराब आहे.

कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर त्वचेचे रंग शंभर टक्के जुळणार नाहीत. अशा वेळी दोन सारखे कॅमेरे चेहऱ्यांसाठी ठेवा आणि वेगळा कॅमेरा रुंद दृश्याला द्या. रुंद दृश्यात चेहरे लहान असतात, फरक टोचत नाही.

कॅमेरे कुठे मांडायचे

सूत्रसंचालकापासून पाहुण्यांपर्यंत जाणारी एक रेषा कल्पा. सगळे कॅमेरे त्या रेषेच्या एकाच बाजूला. एक जरी पलीकडे गेला तर कट मारल्यावर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात, एकमेकांशी बोलताना दिसत नाहीत. मग पाहणाऱ्याच्या मनात खोलीचा नकाशा मोडतो.

डावीकडून एक, दोन, तीन असे क्रमांक द्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत बदलू नका. सूत्रसंचालक डावीकडे आणि पाहुणे उजवीकडे बसले असतील तर डावीकडचा एक नंबर पाहुण्यांना घेतो आणि उजवीकडचा तीन नंबर सूत्रसंचालकाला. दोन नंबर मध्ये, रुंद. नवशिके नेमकं उलटं करतात, जवळचा कॅमेरा जवळच्या माणसाला लावतात, आणि मग सगळ्यांचे कानच दिसतात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. पाहुणे बसलेले आणि कॅमेरामन उभा असेल तर ट्रायपॉड स्वतःच्या सोयीने उंच केला जातो आणि प्रत्येकाचं डोकं वरून दिसतं. त्यापेक्षा पाहुण्यांच्या खुर्च्या फूटभर उंचीच्या प्लॅटफॉर्मवर ठेवणं सोपं.

फोकस घ्यायची रीत: आधी पूर्ण झूम इन करून डोळ्यावर फोकस, मग झूम आउट करून हवी ती चौकट. झूम आउटमध्ये सगळंच तीक्ष्ण वाटतं आणि नंतर झूम इन केल्यावर चेहरा धूसर निघतो. झूम इनमध्ये फोकस घेऊनही झूम आउट केल्यावर चित्र मऊ होत असेल, तर बदलता येणाऱ्या लेन्सच्या टीव्ही कॅमेऱ्यात बहुधा बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सर यांच्यातल्या अंतराची जुळणी, हललेला असतो. तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तपासायचा.

दिव्यांबद्दल थोडक्यात. मुख्य दिवा माणसाच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला आणि थोडा वर, दुसऱ्या बाजूने निम्म्या जोराचा भरणीचा दिवा, मागून केसांवर आणि खांद्यांवर एक दिवा. सोलापुरात एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावं लागतं, ती म्हणजे पंखे. दिवा छताच्या पंख्याच्या वर किंवा मागे लावला तर पात्यांची सावली चेहऱ्यावर फिरत राहते. दिवे पंख्याच्या पातळीच्या खाली घ्या.

हेडफोनमधली भाषा

दिग्दर्शक, मिक्सरवरचा माणूस, तीन कॅमेरामन आणि फ्लोअर मॅनेजर हे सगळे टॉकबॅकने, म्हणजे हेडफोनने जोडलेले असतात. तिथे गप्पा चालत नाहीत. भाषा ठरलेली असते आणि तिला दोन पायऱ्या असतात: आधी तयारी, मग हुकूम. 'स्टँडबाय थ्री' आणि नंतर 'टेक थ्री'. 'स्टँडबाय' ऐकताच तीन नंबरने हलणं थांबवायचं, फोकस पक्का करायचा आणि धरून ठेवायचं. कट झाला की त्याच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा, टॅली, पेटतो. टॅली लाल असेपर्यंत सांगितल्याशिवाय चौकट बदलायची नाही. टॅली विझली की लगेच पुढचा शॉट शोधायचा, दिग्दर्शकाने मागण्याची वाट न पाहता.

दिग्दर्शकाने आधी नंबर घ्यायचा, मग काम सांगायचं. 'थ्री, सूत्रसंचालकाचा क्लोजअप.' उलट क्रमाने, 'क्लोजअप दे, थ्री' म्हटलं तर तिघेही कॅमेरे क्लोजअप घ्यायला निघतात, त्यात सध्या प्रसारणावर असलेलाही. नावाने हाक मारू नका. एकाच टीममध्ये दोन प्रशांत निघतात; तीन नंबर एकच असतो.

कट कधी? प्रश्न संपताना, उत्तर देणारा श्वास घेतो त्या वेळी. बोलायला लागल्यावर कट केला तर पहिला शब्द आधीच्या माणसाच्या चेहऱ्यावर ऐकू येतो. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायला विसरू नका. पाहुणा एखादी जड गोष्ट सांगत असतो तेव्हा ऐकणारा काय करतोय यात अर्धा कार्यक्रम असतो. आणि कुठे जावं हे कळेनासं झालं की रुंद शॉट. रुंद दृश्य ही दिग्दर्शकाची सुरक्षित जागा, म्हणून दोन नंबरने कधीही न विचारता भटकायचं नाही.

फ्लोअर मॅनेजर हा दिग्दर्शकाचा स्टेजवरचा हात. तो बोटांनी वेळ दाखवतो आणि सुरुवातीची उलटी गिनती म्हणतो: दहापासून तीनपर्यंत मोठ्याने, शेवटचे दोन आकडे फक्त बोटांनी, कारण माइक तोवर उघडलेले असतात.

आवाज, ज्याकडे शेवटी पाहिलं जातं

चित्र थोडं कमी-जास्त झालं तर लोक चालवून घेतात. आवाज फाटला किंवा घुमला की चॅनेल बदलतात. छोट्या टीममध्ये दिग्दर्शक स्वतः कट मारू शकतो, ग्राफिक्सवाला रेकॉर्डिंगही पाहू शकतो, पण आवाजाला एक पूर्ण माणूस द्यावाच, आणि त्याच्या कानावर बंदिस्त हेडफोन हवेत.

कॉलर माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, छातीच्या मध्यावर लावा. जास्त वर लावला तर हनुवटीची सावली आवाजावर पडते आणि मान वळवली की आवाज कमी-जास्त होतो. साडीचा काठ, उपरणं, मंगळसूत्र, गळ्यातला हार हे सगळं माइकवर घासतं. रेकॉर्डिंगच्या आधी पाहुण्याला पुढे वाकायला, हात वर करायला सांगा आणि हेडफोनमध्ये खसखस ऐका. सत्काराचा हार कार्यक्रमाच्या आधी किंवा नंतर. माइकवर झेंडू पडला की ते उत्तर गेलं.

पातळी डिजिटल मीटरवर. नेहमीचं बोलणं उणे २० ते उणे १८ डेसिबलच्या आसपास, हसणं किंवा जोराचं वाक्य उणे १० पर्यंत. शून्याला लागलं की आवाज कापला जातो आणि तो परत मिळत नाही. चाचणी घेताना लोक 'वन, टू, थ्री, चेक' मवाळपणे म्हणतात आणि कार्यक्रमात दीडपट मोठ्याने बोलतात. म्हणून चाचणीला खराच प्रश्न विचारा: सकाळी काय खाल्लं, इथे कसे आलात. खऱ्या उत्तराची पातळी खरी असते.

सभागृहात स्पीकरवाल्याकडून आवाज घ्यायची वेळ येते तेव्हा दोन चुका हमखास होतात. पहिली, त्याच्या मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून आवाज घेणं. तो हॉलसाठी आवाज कमी-जास्त करेल तसा तुमचाही होईल. त्याच्याकडून वेगळा 'ऑक्स' (जादा आउटपुट) मागा आणि तो प्री-फेडर, म्हणजे त्याने हॉलचा खटका वर-खाली केला तरी न बदलणारा, ठेवायला सांगा. दुसरी चूक, लाइन पातळीचा जोरकस आवाज कॅमेऱ्याच्या माइक इनपुटमध्ये घालणं. तिथे सगळंच चिरकतं, आणि मीटर खाली ओढूनही चिरकणं जात नाही. एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक वायरच्या) सॉकेटशेजारचा खटका 'लाइन'वर हवा आणि माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा खटका बंद. वायर जोडताच खोल 'हूं' असा गुणगुणता आवाज आला तर ती दोन यंत्रांच्या अर्थिंगमधल्या फरकाची ५० हर्ट्झची घरघर असते. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स घातला की जाते. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतात. ते जिवावर बेतणारं आहे, कधीही करू नका.

ओठ आणि आवाज न जुळण्याचा प्रश्न सगळ्यांना येतो, पण त्यामागचं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. कॅमेऱ्याचं चित्र मिक्सरमध्ये शिरताना एका फ्रेमपर्यंत थांबतं, एलईडी वॉलच्या यंत्रात आणखी थांबतं. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज मात्र थेट येतो, म्हणून चित्राच्या पुढे पळतो. निसर्गात नेहमी आवाज मागे असतो, त्यामुळे मागे पडलेला आवाज माणसाला चालतो, पुढे गेलेला लगेच खटकतो. युरोपीय प्रसारकांची मर्यादाही तशीच आहे: आवाज फार तर ४० मिलिसेकंद पुढे किंवा ६० मागे. मोजायची रीत सोपी आहे. कॅमेऱ्यासमोर जोरात टाळी वाजवा, रेकॉर्डिंग फ्रेम-फ्रेमने पुढे न्या, तळहात भिडलेली फ्रेम आणि आवाजाचं टोक यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजा, त्याला ४० ने गुणा आणि तेवढा उशीर ऑडिओ मिक्सरमध्ये घाला.

दूरच्या माइकचं उलटं असतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. वाजंत्रीपासून १४ मीटरवर ठेवलेला माइक एक फ्रेम मागे असतो. ३० मीटरवरचा माइक दोन फ्रेमपेक्षा जास्त. यात्रेत कॅमेऱ्यावरच्या माइकने हलगीचा आवाज घेतला तर टिपरू आधी पडतं आणि आवाज नंतर येतो. माइक वाजवणाऱ्याजवळ पाठवा.

गर्दीत वायरलेस माइकची परीक्षा असते. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त माइक हजारो मोबाइलच्या गर्दीत तुटतात. तिथे यूएचएफ (वेगळ्या लहरींवर चालणारे) माइक किंवा सरळ वायर. माणसाचं शरीरही लहरी अडवतं, म्हणून रिसीव्हर डोक्यांच्या वर, दिसेल असा ठेवा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मुलाखत घ्यायची असेल तर मागाच्या खडखडाटात कॉलर माइक हरतो. हातात धरायचा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर, किंवा मुलाखत बाहेर अंगणात. माग चालतानाचा आवाज वेगळा, निदान एक मिनिटभर, न बोलता रेकॉर्ड करून आणा. तो एडिटिंगमध्ये मुलाखतीखाली हव्या त्या पातळीवर घालता येतो.

वायर आणि वीज

एचडीएमआय वायर १० मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि तिचं टोक कुलूपबंद होत नाही; कुणाचा पाय लागला की चित्र गेलं. व्यावसायिक काम एसडीआयवर चालतं: ७५ ओहमची कोॲक्सिअल वायर, टोकाला फिरवून बसवायचा बीएनसी जोड. चांगल्या आरजी-६ वायरीवरून एचडी सिग्नल साधारण १०० मीटर जातो. डिजिटल सिग्नलचा स्वभाव लक्षात ठेवा. जुन्या ॲनालॉगसारखा तो हळूहळू खराब होत नाही. शेवटपर्यंत स्वच्छ दिसतो आणि मर्यादा ओलांडताच चमचमणारे ठिपके येऊन एकदम काळा होतो. म्हणून 'आत्ता तर दिसतंय' हा पुरावा पुरेसा नाही. मर्यादेच्या आत राहा. विजेच्या आणि सिग्नलच्या वायरी शेजारी शेजारी लांबवर नेऊ नका. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

विजेचा हिशेब कागदावर करा. २३० व्होल्टवर १००० वॅटचा दिवा सुमारे साडेचार अँपिअर घेतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन दिवे गणिताने बसतात, पण तिथेच कुणी कूलर लावतो आणि फ्यूज उडतो. दोनच लावा. वायरची गुंडाळी पूर्ण उलगडा; रीळवर गुंडाळलेल्या वायरीतून मोठा भार गेला की ती आतून तापते आणि वितळूही शकते. लाइट जाणार हे धरूनच चाला: कॅमेऱ्यात ॲडॉप्टर लावला तरी चार्ज केलेली बॅटरी बसवलेली हवी, आणि मिक्सर, रेकॉर्डर, ऑडिओ मिक्सर हे तिन्ही यूपीएसवर. फक्त कॅमेरे वाचले आणि मिक्सर बंद पडला तर काहीच वाचत नाही.

एप्रिल-मेमध्ये बाहेर काम असेल तर कॅमेऱ्यावर छत्री. छोटे मिररलेस कॅमेरे चाळीस अंशांच्या उन्हात तापून आपोआप बंद होतात.

रनडाउन

सोलापुरी चादरीवर नक्षी उमटते ती मागावर बसवलेल्या जेकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या कार्डांमुळे. कुठल्या क्षणी कुठले धागे उचलायचे हे माग सुरू होण्याआधीच त्यांवर ठरलेलं असतं. टीव्हीत हे काम रनडाउन करतं. एका पानावर रकाने: क्रमांक, भाग, कुठल्या कॅमेऱ्यावर किंवा कुठल्या क्लिपवर, कुठले माइक उघडे, नावपट्टी कुठली, किती वेळ, आणि तोवरचा एकूण वेळ. सर्वांकडे तेच पान, त्याच आवृत्तीचं. दुपारी क्रम बदलला आणि आवाजवाल्याकडे सकाळचं पान राहिलं, तर त्याने चुकीच्या माणसाचा माइक उघडलेला असतो. आवृत्ती बदलली की कागदाचा रंग बदला.

वेळ शेवटाकडून मोजतात. कार्यक्रम २८ मिनिटं ३० सेकंदांचा, शेवटी ३५ सेकंदांची श्रेयनामावली आणि त्याआधी ४ मिनिटं १० सेकंदांचं भजन. तर २८:३० मधून ०:३५ वजा, मग ४:१० वजा: भजन २३:४५ ला सुरू झालंच पाहिजे. म्हणून गप्पांचा शेवटचा प्रश्न एकवीसच्या आसपास विचारायचा, आणि फ्लोअर मॅनेजरने सूत्रसंचालकाला दोन मिनिटं, एक मिनिट, तीस सेकंद असे इशारे द्यायचे. सुरुवातीकडून मोजणाऱ्याचं भजन नेहमी अर्धवट कापलं जातं.

सम्मती कट्ट्यासाठीचा रनडाउन म्हणजे विधींचा क्रम. तो माहीत असलेला जाणता माणूस दिग्दर्शकाशेजारी बसवा. वाचन कुठवर आलं हे त्याला शब्दांवरून कळतं, आणि 'स्टँडबाय टू' अक्षता पडण्याच्या दहा सेकंद आधी म्हणता येतं. कन्नड शब्द न कळणारा दिग्दर्शक तिथे एकटा बसला, तर तो प्रत्येक वेळी अक्षता पाहून मग कट मारेल, म्हणजे उशिरा.

नावपट्ट्या

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी आहेत, आणि आडनावं ऐकून लिहिली तर ती हटकून चुकतात. पाहुण्याकडूनच कागदावर त्याच्या हाताने नाव लिहून घ्या आणि पट्टी तयार झाल्यावर त्यालाच दाखवा. स्वतःचं नाव टीव्हीवर चुकलेलं माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

देवनागरीचे काही तांत्रिक सापळे आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा कचरा होतो. काही ग्राफिक्स सॉफ्टवेअर जोडाक्षरं तोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी टाकतात. आदल्या दिवशीच 'क्षितिज', 'श्रेष्ठ', 'द्वितीय', 'दुसऱ्या' हे शब्द टाकून पाहा. पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने ठेवली तर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. बारीक रेघांचा फाँट इंटरलेस, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या फ्रेमच्या, टीव्हीवर थरथरतो, म्हणून जाड फाँट. सगळी अक्षरं पडद्याच्या मधल्या ९० टक्के भागात ठेवा, आणि पट्टी तुम्ही स्वतः सावकाश दोनदा वाचाल तेवढा वेळ राहू द्या.

साठवण

५० मेगाबिट वेगाचं रेकॉर्डिंग तासाला २२.५ जीबी घेतं. तीन कॅमेरे वेगवेगळे आणि मिक्सरचा तयार कार्यक्रम, असे चार: तासाला ९० जीबी. तीन तासांच्या सोहळ्याचे २७०. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती म्हटल्यावर ५४०. प्रत उघडून, मधला आणि शेवटचा भाग पाहून खात्री केल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. सगळ्या कॅमेऱ्यांचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा शिक्का, घड्याळाच्या वेळेवर एकसारखा लावलेला असेल तर एडिटिंगला तासन् तास वाचतात. टाइमकोडची सोय नसेल तर सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी.

सराव कसा करायचा

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये टीव्हीचा स्वतंत्र विभाग १९७४ पासून आहे. तो १९७१ मध्ये दिल्लीत दूरदर्शनच्या लोकांना शिकवण्यासाठी सुरू झाला आणि मग पुण्यात आला. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचे एक वर्षाचे टीव्ही अभ्यासक्रम तिथे आहेत. तिथे जाण्याआधी, किंवा न जाता, घरच्या साधनांवर बरंच शिकता येतं.

पहिला आठवडा फक्त पाहण्याचा. एखादा चर्चेचा कार्यक्रम आवाज बंद करून दहा मिनिटं पाहा आणि प्रत्येक कटला कागदावर लिहा: कुठून कुठे, आणि का. मग तीच दहा मिनिटं आवाजासह.

दुसऱ्या आठवड्यात तीन मोबाइल तीन ट्रायपॉडवर, सगळे २५ फ्रेमवर आणि मॅन्युअल व्हाइट बॅलन्सवर, ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरला जोडा. वेगळा माइक थेट संगणकात. तिघे मित्र बसवा, दहा मिनिटांचा रनडाउन लिहा आणि न थांबता रेकॉर्ड करा. चुकलं तरी थांबायचं नाही. थांबायची सवय लागली की चुकीतून सावरायची सवय लागत नाही, आणि थेट प्रसारणात तीच लागते.

रेकॉर्डिंग तीनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, आणि एकदा दोन्ही चालू ठेवून हातात रनडाउन घेऊन. प्रत्येक चुकीपुढे मिनिट-सेकंद लिहा आणि ती तयारीत झाली की कट मारताना, ते ठरवा. पुढच्या खेपेला जागा बदला: कट मारणाऱ्याने तीन नंबर कॅमेरा घ्यायचा, कॅमेऱ्यावरच्याने आवाज. 'स्टँडबाय' न देता 'टेक' म्हटलं की काय होतं हे कॅमेऱ्यामागे उभं राहिल्याशिवाय समजत नाही.